जप्तीच्या आधीच घर रिकामं करू नका

सोलापूर भागातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून त्याचा सारांश देते.

त्यांचे यजमान शिंपीकाम करतात, हाताला चांगली सफाई आहे. शाळेच्या गणवेशांचं काम मिळत राहील या भरवशावर त्यांनी मुद्रा कर्ज काढून दहा मशिनी घेतल्या, गाळा भाड्याने घेतला. दोन हंगाम काम मिळालं, मग ते तुटलं आणि राहिलेली बिलंही बुडाली. आज बँकेचे ७ लाख, पतसंस्थेचे ३ लाख, कापडाच्या व्यापाऱ्याचे अडीच लाख आणि नातेवाइकांचे हातउसने दीड लाख अंगावर आहेत. गाळा सोडला. यजमान आता दुसऱ्याच्या कारखान्यात नगावर शिवतात. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला काढलाय आणि व्यापाऱ्याकडून चेक न वटल्याची वकिली नोटीस आली आहे. राहतं दोन खोल्यांचं घर यजमानांच्या नावावर आहे, त्यावर बोजा नाही. गावाकडचं घर सासूबाईंच्या नावावर आहे.

ताई लिहितात, "कुणी म्हणतं दिवाळखोरीचा अर्ज करा, सगळं माफ होतं. कुणी म्हणतं अर्ज केला की भांड्याकुंड्यांसकट सगळं उचलून नेतात. ह्यांचं म्हणणं, घर दिरांच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकू. मला वाटतं, माझं गंठण, मंगळसूत्र आणि ह्यांची एलआयसी मोडून आधी व्यापाऱ्याचे पैसे द्यावेत, तो रोज दारात येऊन गल्लीला ऐकू जाईल असं बोलतो. नेमकं काय करू?"

ताई, आधी एक करा. गंठण, मंगळसूत्र, पॉलिसी, यातलं काहीही सध्या मोडू नका. घराचं बक्षीसपत्रही करू नका. पुढचं सगळं वाचून मग ठरवा.

असं का म्हणते ते सांगते. कर्जात बुडालेली घरं मी बरीच जवळून पाहिली आहेत. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कायदा ज्या वस्तूंना हात लावू देत नाही, त्याच वस्तू माणसं लाजेपोटी सगळ्यात आधी विकतात. आणि ते पैसे जातात कुणाला? ज्याचा हक्क मोठा त्याला नाही, ज्याचा आवाज मोठा त्याला. मग खरी जप्ती येते तेव्हा घरात कायद्याने राखण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तुमच्या पत्रात मला हीच सुरुवात दिसते आहे, आणि ती इथेच थांबावी अशी माझी फार इच्छा आहे.

आता "दिवाळखोरी" म्हणजे तुमच्या बाबतीत काय, ते बघू. २०१६ साली नवी दिवाळखोरी संहिता आली. पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच लागू झाला आहे, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. तुमच्या यजमानांसारख्या, स्वतःच्या नावाने धंदा केलेल्या माणसाला अजूनही इंग्रजांच्या काळातले नादारीचे, म्हणजे दिवाळखोरीचेच, कायदे आहेत. मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा. तुम्हाला १९२० चा लागेल, अर्ज जिल्हा न्यायालयात. देणं ५०० रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो, इतका तो कायदा जुना आहे.

अर्ज मंजूर होऊन माणूस नादार ठरला की त्याची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. पण त्याच कायद्यात स्पष्ट म्हटलंय की दिवाणी प्रक्रिया संहितेने जे जप्तीतून वगळलंय ते यात येत नाही. म्हणजे यादी शोधायची ती १९०८ च्या दिवाणी संहितेच्या कलम ६० मध्ये. साध्या पैशाच्या दाव्यात डिक्री, म्हणजे कोर्टाचा निकालाचा हुकूम, झाली आणि वसुलीला कोर्टाचा बेलीफ दारात आला, तरी हीच यादी चालते. त्यामुळे अर्ज करा किंवा करू नका, ती माहीत हवीच.

भांड्याकुंड्यांची भीती सोडून द्या. नवरा, बायको आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. टीव्ही, फ्रिज, सोफा मात्र या यादीत नाहीत. बेलीफाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. तो आलाच तर पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुणी सही करू नका आणि वाद न घालता म्हणा, "ही वस्तू कलम ६० मधली आहे, तशी नोंद घ्या."

कारागिराची हत्यारंही सुटतात, आणि तुमच्या घरासाठी माझ्या मते हीच गोष्ट सगळ्यात मोलाची आहे. यजमानांची ती जुनी मशीन, ज्यावर त्यांनी कर्जाच्या आधीपासून काम केलं, कात्र्या, टेप, इस्त्री, कटिंगचं टेबल, हे त्यांच्या हाताचं काम चालवणारं सामान आहे. कर्जाच्या दहा मशिनींचं तसं नाही. एक तर त्या बँकेकडे तारण आहेत, आणि तारण दिलेल्या वस्तूवर बँकेचा हक्क नादारीतही टिकतो. दुसरं म्हणजे, दहा कामगार बसवून चालवलेल्या मशिनींना कोर्ट "कारागिराची हत्यारं" म्हणेल अशी आशा धरू नका. तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे, तुमच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या पायमशिनीचा. ती तर यजमानांच्या मालमत्तेत मोडतच नाही. ते तुमचं स्त्रीधन आहे. कर्जाच्या कागदांत तिचा नंबर चुकून लिहिला गेलाय का, एवढं तपासा. गडबडीत असं होतं.

मंगळसूत्राबद्दल. धर्माच्या रीतीप्रमाणे कोणत्याही स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाही असे दागिने जप्तीतून वगळलेले आहेत. काळी पोत, वाट्या, जोडवी यात धरता येतील. तीन तोळ्यांचं गंठण या कारणाने सुटेल असं सांगायची माझी तयारी नाही. पण गंठणाला दुसरं, जास्त भक्कम कवच आहे. माहेरून आलेलं, लग्नात तुम्हाला मिळालेलं सोनं तुमच्या एकटीच्या मालकीचं आहे. सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच ते निःसंदिग्ध सांगितलंय. नवऱ्याच्या कर्जासाठी बायकोचं स्त्रीधन घेता येत नाही.

मात्र इथे एक मोठा "पण" आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचं उत्तर नाही. तुम्ही कुठे सही केली आहे का? सहकर्जदार म्हणून, जामीनदार म्हणून? बँकेत "वहिनी, इथं जरा सही करा" म्हणून पुढे केलेल्या कागदावर बायका न वाचता सह्या करतात. तुमची सही असेल तर ते कर्ज तुमचंही आहे, आणि मग गंठण तुमचं असल्याचा उपयोग नाही, कारण कर्जदार तुम्हीच झालात. बँकेकडून आणि पतसंस्थेकडून कर्जाच्या सगळ्या कागदांच्या नकला लेखी अर्ज देऊन मागा. पुढचा प्रत्येक निर्णय त्या कागदांवर अवलंबून आहे. आणि तोवर गंठण सोनेतारणात ठेवायचा मोह टाळा. स्वतःहून तारण ठेवलं की कुठलंही संरक्षण उरत नाही.

एलआयसीचं तसंच. आयुर्विम्याच्या पॉलिसीपोटी मिळणारे पैसे जप्त होत नाहीत, पीपीएफमधलेही नाहीत, नोकरदारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही नाही. घरातली एकमेव सुरक्षित पुंजी मोडून ती बिगरतारणी देणेकऱ्याला, म्हणजे तारण न घेता उधारी दिलेल्याला, देणं म्हणजे कुलूपबंद कपाट स्वतःच उघडून देणं आहे. हप्ता झेपत नसेल तर पॉलिसी पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवून, ठेवता येते का, ते शाखेत विचारा. ज्या वाचकांचं अजून सगळं सुरळीत आहे त्यांनी इथे एक लक्षात घ्यावं. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे काढलेली पॉलिसी नवऱ्याच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. पण ते पॉलिसी काढतानाच करायचं असतं, आणि सावकार दारात आल्यावर घाईघाईने केलेलं टिकत नाही.

मजुरीची चिंताही करू नका. दिवाणी संहितेने मजुराच्या मजुरीला पूर्ण संरक्षण दिलंय आणि मजुरात कुशल कारागीरही येतो. नगावर शिवणाऱ्या तुमच्या यजमानांना ते मागता येईल. महिन्याचा पगार असलेल्यांचं गणित वेगळं असतं. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. म्हणजे १६,००० पगार असेल तर ११,००० घरी येतात, ५,००० पर्यंत कापता येतात, आणि एकाच डिक्रीपोटी अशी कपात एकूण २४ महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. पोटगीच्या डिक्रीला मात्र वेगळा हिशोब लागतो. एक छोटी व्यवहाराची गोष्ट: यजमानांची मजुरी कर्जाच्याच बँकेतल्या खात्यात जमा होत असेल तर दुसऱ्या बँकेत साधं बचत खाते उघडा. नाहीतर बँक ती परस्पर कर्जात वळती करून घेऊ शकते.

आता घराकडे येते. इथे तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. कलम ६० शेतकऱ्याचं, मजुराचं आणि घरगड्याचं राहतं घर वगळतं. दुकानदाराचं किंवा कारखानदाराचं वगळत नाही. यजमान आज मजुरी करतात, त्यामुळे वकिलाने हा मुद्दा मांडायला हवा, पण कर्ज घेताना ते दहा मशिनींचे मालक होते आणि समोरचा वकील तेच सांगेल. घर सुटेलच असं धरून चालू नका. पतसंस्थेची वसुली तर कोर्टाच्या बेलीफाकडून होत नाही, सहकार कायद्याखाली तिचा वसुली अधिकारी करतो आणि त्याची नजर घरावरच असते. त्याच्यापुढचा प्रत्येक आक्षेप लेखी द्या, पोच घ्या.

म्हणूनच यजमानांना बक्षीसपत्र सुचलं असणार. त्यांची तळमळ मला कळते. पण त्याने घर वाचत नाही. देणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूने केलेलं हस्तांतर रद्द करून मागता येतं, आणि असा फुकट व्यवहार केल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला आणि माणूस नादार ठरला तर रिसीव्हर ते रद्द करून घेऊ शकतो. मालमत्ता लपवल्याचं सिद्ध झालं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. आज तुमचे यजमान धंद्यात हरलेले एक प्रामाणिक गृहस्थ आहेत. बक्षीसपत्रावर सही केली की कोर्टापुढे त्यांची ही ओळखच पुसली जाईल, आणि नादारीच्या कायद्यात सगळी सवलत या ओळखीवरच मिळते. शिवाय दिरांच्या घरात उद्या काय होईल याची हमी कोण देणार? हाच नियम हातउसन्या पैशांना लावा. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एखाद्या मेव्हण्याचे पैसे इतरांना डावलून आधी फेडले, तर तेही उलटवता येतं.

सासूबाईंचं घर सासूबाईंचं आहे. उद्या वारसाने मिळेल ही नुसती आशा जप्त होत नाही. पण यजमान नादार ठरले आणि त्यातून मुक्त होण्याआधी सासूबाई गेल्या, तर त्यांच्या वाट्याला येणारा हिस्सा रिसीव्हरकडे जाईल. घर सासूबाईंच्या स्वतःच्या मालकीचं असेल तर त्यांनी नातवंडांच्या नावे मृत्युपत्र करावं का, हा प्रश्न त्यांनाच शांतपणे विचारा. वस्तू त्यांची आहे, निर्णय त्यांचा. यजमानांच्या नावाने काहीच फिरवलं जात नसल्यामुळे यात गैर काही नाही.

मग नादारीचा अर्ज करावा का? मला विचाराल तर आत्ता नाही. "सगळं माफ होतं" हे खरं नाही. हुकूम झाला की बिगरतारणी देणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय मालमत्तेमागे लागता येत नाही, अटकेपासून संरक्षण मागता येतं, आणि शेवटी मुक्ततेचा हुकूम झाला तर बहुतेक देणी संपतात. हे फायदे मोठे आहेत. पण बँकेचा मशिनींवरचा हक्क तसाच राहतो, सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेली देणी सुटत नाहीत, राहतं घर रिसीव्हरकडे जाण्याचा धोका असतो, प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळतं, आणि मुक्तता होईपर्यंत आपण नादार असल्याचं न सांगता कुणाकडून ५० रुपयांची उधारी घेतली तरी तो गुन्हा ठरतो. तुमच्याकडे एकच घर आहे आणि देणेकरी चारच आहेत. अशा वेळी एकेकाशी तडजोड करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तडजोडी फसल्या, डिक्र्या चहूबाजूंनी आल्या, तर अर्जाचा दरवाजा तेव्हाही उघडा असेल.

सगळ्यात आधी चेकच्या नोटिशीकडे बघा. ते प्रकरण फौजदारी आहे आणि नादारीने ते थांबत नाही. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर व्यापाऱ्याला तक्रार करता येते. तारीख बघा आणि मुदतीत वकिलाकडून उत्तर द्या. उत्तरात खरी बाकी किती ते मांडा आणि हप्ते सुचवा. माल परत केला होता, काही रक्कम रोख दिली होती, असं असेल तर पावत्यांसकट लिहा. म्हणजे व्यापाऱ्याचं प्रकरण आधी हाताळायचं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, फक्त कारण त्याचा आरडाओरडा नव्हे आणि मार्ग मंगळसूत्र मोडण्याचा नव्हे.

बँकेशी मशिनींबद्दल बोला. तारण मशीन बँकेच्या लेखी परवानगीशिवाय कुणाला विकू नका, ओळखीच्याला कमी भावात तर मुळीच नको. पण परवानगी घेऊन तुम्हीच गिऱ्हाईक आणलंत तर लिलावापेक्षा बरा भाव येतो, कारण चालू ओव्हरलॉक मशीन आणि काज-बटणाची मशीन यांची किंमत सोलापुरातल्या गणवेश शिवणाऱ्यांना कळते, लिलावातल्या भंगारवाल्याला कळते ती वेगळीच. ती रक्कम कर्जात भरून उरलेल्यासाठी एकरकमी तडजोडीचा अर्ज द्या. ठरलेली रक्कम, मुदत आणि "यानंतर काही देणं नाही" हे बँकेच्या लेटरहेडवर आल्याशिवाय पैसे भरू नका. बँकेच्या वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तेही ध्यानात ठेवा. पतसंस्थेलाही असाच प्रस्ताव द्या. दोन्हीकडे जमलं नाही आणि घर विकायचीच पाळी आली, तर ते लिलावात जाऊ देण्यापेक्षा बाजारभावाने, चेकने, परक्या माणसाला विकून सगळ्या देणेकऱ्यांना हिश्श्याप्रमाणे देणं बरं. त्याला कुणी लबाडी म्हणू शकत नाही.

व्यापारी किंवा आणखी कुणी कोऱ्या स्टॅम्पवर "घरातलं सामान, मशीन घेऊन जायला माझी हरकत नाही" असं लिहून मागत असेल तर सही करू नका. आधीच केली असेल तरी घाबरू नका. कलम ६० ची सूट सोडून देण्याचा करार कायद्याने निरर्थक आहे.

या सगळ्यासाठी वकिलाची फी कुठून आणायची, असं तुमच्या मनात आलं असेल. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुमच्या स्त्रीधनाबद्दल, तुमच्या सह्यांबद्दल तुम्ही स्वतःच्या नावाने अर्ज करू शकता. जाताना १०१ चा दाखला, चेकची नोटीस पाकिटासकट, कर्जाचे कागद, घराचा उतारा, पॉलिसी आणि गंठणाची पावती किंवा लग्नातले फोटो न्या. यजमानांनाही बरोबर न्या. ते चार माणसांत तोंड दाखवायचं टाळतात असं तुम्ही लिहिलंय. काही नाही, बाहेर बाकावर बसू देत, पण येऊ देत.

आणि पतसंस्थेच्या कर्जाला तुमचे भाऊ जामीन आहेत, त्यांना आजच फोन करा. यजमान नादार ठरले तरी जामीनदार सुटत नाही, पतसंस्था पूर्ण रकमेसाठी त्यांच्याकडे जाऊ शकते. त्यांना नोटिशीतून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे, म्हणजे तडजोडीच्या बैठकीला तेही तुमच्या बाजूने बसतील.